छावणीला पाठवलेला जोंधळा

२ ऑगस्ट १९७१. इस्लामपूर

पोस्टमन आजही नुसता हसून गेला. हे बंगालच्या सीमेवर निर्वासितांच्या छावणीत गेले ते "महिन्याभरात येतो" म्हणून. महिना कधीच सरला. पेशंट येतात, दवाखान्याचं कुलूप हलवून बघतात आणि मला विचारतात, "डाक्टर कवा येणार?" जसे काही मी फडताळात लपवून ठेवलेत!

तिकडे कॉलरा, चिखल, उघड्यावर लेकरं. सगळं समजतं. तरी जेवायला बसलं की समोरचा पाट बघवत नाही.

९ ऑगस्ट

नुसतं बसून करू काय? महिला मंडळाच्या बायकांना घेऊन छावणीसाठी धान्य मागायला निघाले. पेठेत एक जण म्हणाला, "डाक्टरीनबाई, नवरा सीमेवर आन् तुमी झोळी घिऊन दारात?" म्हटलं, "व्हय. आधी पायलीभर घाला, मग बोला." घातली बिचाऱ्याने.

तांदूळ कुणाकडे आहे? सगळीकडून जोंधळाच. पाटलीणकाकू म्हणाल्या, "भातानं पोट भरतंय व्हय? जोंधळा कसा, अंगाला लागतोय." सगळ्यांना पटलं. मलाही.

१६ ऑगस्ट

सांगलीला जाऊन पोती ट्रकवर चढवली. ड्रायव्हर शिवा, ह्यांचाच जुना पेशंट. ट्रक हलला तेव्हा वाटलं, चढावं आणि बसावं पोत्यावर. घरी येऊन सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं.

१८ सप्टेंबर

शिवा परत आला. "वैनी, जोंधळं तसंच पडलंय." बंगाली बायांनी जोंधळा जन्मात बघितलेला नाही. भातासारखा उकडला, पोरांची पोटं दुखली. आता पोत्यांवर माणसं बसतात! पीठ दळून मिळेल, पण भाकरी थापणार कोण?

आधी हसू आलं. पण घरोघरची कणगी रिकामी करून आणलं होतं.

"डाक्टर लय वाळल्यात," म्हणाला.

"माझं काही विचारलं?"

"इचारलं की. समद्यांचंच इचारलं."

समद्यांचंच. बरं.

१९ सप्टें.

मी जाणार. भाकरी थापायला मला येते, तिथे शिकवेन. हे कारण आहे, खोटं नाही. पण खरं कारण मला ठाऊक आहे. आत्याबाईंनाही.

त्या म्हणाल्या, "आपल्या घरची सून टरकात बसून जानार? लोक त्वांडात श्यान घालतील." आणि मग हळू आवाजात, "पोटी लेकरू न्हाई तुला. तू बी गेलीस तर मी कुनाकडं बगू?"

तवा घासत बसले.

दिवाळी पाडवा

ओवाळायला माणूस नाही. शेजारची सुमन म्हणाली, फोटो ओवाळ. आत्याबाई भडकल्या, "जित्या मानसाचा फटू ओवाळत्यात व्हय गं?" तबक तसंच देवापुढे ठेवलं. निरांजन आपोआप शांत झालं.

फार आठवण येते. असं लिहून काही होत नाही, पण येते.

२२ नोव्हेंबर

आज दुपारी आत्याबाई शेंगा फोडता फोडता एकदम, "जा बाई. तुजं त्वांड बगवंना मला."

उठून पायाच पडले. दोन लुगडी, पीठ मळायची काटवट, तिखट बांधलं. शिवा पंधरा दिवसांनी सांगलीहून निघतो.

५ डिसेंबर

युद्ध सुरू झालं. शिवाची खेप रद्द. आमच्या गल्लीतली दोन पोरं फौजेत आहेत, त्यांच्या आया गप्प आहेत. मी कुठल्या तोंडाने कुरकुरू? बोचकं सोडलं नाही.

१८ डिसें.

जिंकलो. चौकात पेढे. निर्वासित आता आपापल्या घरी परतणार. म्हणजे हेही! दवाखाना उघडून झाडला, बाटल्या धुतल्या. आत्याबाई सांडगे तळतायत, आजपासूनच. म्हटलं, "आवं, येऊ तर द्या." ऐकतात कुठल्या!

१३ फेब्रुवारी १९७२

शिवा आला. एकटाच.

छावणी उठली. हे निर्वासितांबरोबर सीमेपलीकडे, बांगलादेशात गेले. "मानसं घरी गेल्यात, पर घरं कुटं हायत वैनी? समदं जळून ग्येलंय. डाक्टरांनी झाडाखाली दवाखाना मांडलाय."

आणि म्हणे भाकरी थापायला ह्यांचे हेच शिकले. मग बायांना शिकवलं. वाकड्यातिकड्या, पण सगळी पोती संपवली. शिवा कौतुकाने सांगत होता. मला आनंद व्हायला हवा होता. राग आला. माझं तेवढं एक काम होतं, तेही ह्यांनी स्वतःच उरकलं.

शेवटी विचारलंच, "मला ये म्हणाले का?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "तसं काय बोललं न्हाईत. पर नगं बी म्हनलं न्हाईत." गुरुवारी तो कांबळी घेऊन परत तिकडेच निघतोय.

आत्याबाई दाराशी उभ्या होत्या. "म्हनायची वाट बगू नगंस. ह्याचा बा बी असाच हुता. म्या वाट बगत ऱ्हायले, आन् त्यो म्हातारा झाला."

इतके दिवस त्या नको म्हणत होत्या तेच बरं होतं. भांडायला कोणीतरी होतं. आता घरात नको म्हणणारं कोणी नाही, आणि ज्यांनी ये म्हणावं ते...

शिवाला बुधवारपर्यंत सांगते म्हटलंय.