उडून जाणारं तेल

४ ऑगस्ट
पाऊस उघडला, डास वाढले. सकाळभर चिठ्ठ्या लिहिल्या. ‘सिट्रोनेलाचं तेल. शुद्ध.’ छापून घ्या म्हटलं तर हे ऐकत नाहीत. “कॅम्पातले लोक तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवतात.” तेल हरसूलच्या काशिनाथचं. माझा विद्यार्थी, उतारावर गवत लावलंय, भट्टी स्वतःची. तो कॅन पाठवतो, हे बाटल्या भरतात. निवृत्तीपासून ह्यांचा वेळ त्यात बरा जातो.

९ ऑगस्ट
शेजारची सुनीता बाटली परत घेऊन आली. नवरा तोफखान्यात, घरी ती आणि सासूबाई. “काकू, मागच्या बाटलीनं डास जायचे. हिच्या वासानं पाहुण्यांसारखे येतात.” हसत म्हणाली. मग न हसता: पुसल्यावर लादी निसरडी राहते, सासूबाई पडता पडता वाचल्या.
बादलीत नेहमीचेच दहा-बारा थेंब.
हुंगून पाहिलं. वास आहे, पण लांबून आल्यासारखा.
खरं तेल कागदावरून उडून जातं, मागे काही ठेवत नाही. काशिनाथनंच दाखवलं होतं. हातात ही वही आहे. इथे खाली एक थेंब.

१० ऑगस्ट
डाग आहे. पानामागच्या मजकुरातलं ‘शुद्ध’ त्यातून दिसतं, उलटं.
काशिनाथला फोन केला. नको तेवढं बोलले. ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ हे वर्गातलं वाक्यसुद्धा.
तो म्हणाला, “बाई, मी एकदाच कापी केली व्हती. ती तुम्हीच धरली. तेलात नाय करनार.”
हे समोर पेपर वाचत होते. पान उलटलं नाही.

१३ ऑगस्ट
काशिनाथ स्वतः आला, बसनं. भट्टीवरची बाटली थेट पिशवीत. बसला नाही. वही मागितली, एक थेंब टाकला, पुढच्या कोऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात. “आता तुम्हीच तपासा, बाई.”
चहा ह्यांनी केला. गवती चहा घालून, साखर जास्त. त्याला म्हणाले, “घे रे, दमला असशील.” त्यानं उभ्यानंच घेतला.

१४ ऑगस्ट
वरचा कोपरा कोरा. बोटाला काही लागत नाही. त्यावरच हे लिहिते आहे, शाई फुटत नाही.
म्हणजे कॅन येताना तेल चांगलं असतं. बाटलीत जाईपर्यंत
दुपारी मागच्या गॅलरीत, जुन्या कूलरमागे, पातळ पॅराफिनचा डबा, बिनवासाचं, न उडणारं तेल. अर्धा. आमचंच नरसाळं वर पालथं घातलेलं, धूळ बसू नये म्हणून. ह्यांची टापटीप.

१५ ऑगस्ट
विचारलं.
“तेल कमी आलं होतं. दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?”
“आणि सुनीताच्या सासूबाई?”
“पडल्या नाहीत ना.”
“मी काशिनाथला बोलत होते तेव्हा तुम्ही समोर होतात.”
“तो तुझा विद्यार्थी. तुझं बोलणं मनाला लावून घेत नाही तो.”
छत्तीस वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटं बोलला नाही, असं मी सगळीकडे सांगत आले. आताही बोलला नाही. नुसता गप्प बसला.

१६ ऑगस्ट
सुनीताकडे जाऊन सांगितलं. सगळं नाही. ‘आमच्याकडे चूक झाली’ म्हटलं. आमच्याकडे. हा शब्द आपोआप आला, घरी येईपर्यंत टोचत राहिला.
काशिनाथ फोन उचलत नाही.

१८ ऑगस्ट
ह्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या पुढे आणून ठेवल्या. पेन झाकण काढून. “डबा टाकून दिला. काशिनाथकडून येतं ते तर शुद्ध आहे ना? मग लिही.”
खरं आहे. ते शुद्ध आहे.
‘सिट्रोनेलाचं तेल.’ पूर्णविराम दिला. पुढचा शब्द लिहिता येईना.
म्हटलं, उद्या सकाळच्या बसनं हरसूलला जाते. तुम्हीही यायचं, आणि तोंडानं सांगायचं त्याला.
“उद्या माझं भजन आहे.” थोड्या वेळानं, “बघू.”
आता आतून इस्त्रीचा वास येतो आहे. पांढरा शर्ट ते भजनालाही घालतात, परगावी जातानाही.