राहुकाळात पुकारलेलं नाव

गुरु. १३ जून
उद्या कोर्ट. चार वर्षांनी ह्यांची स्वतःची साक्ष. भांड्यांच्या दुकानातून एका दिवसात काढून टाकलं, ते काम परत मिळावं, एवढाच दावा. ह्यांची नेसायची वेष्टी इस्त्री केली. कॅलेंडर पाहिलं: शुक्रवार, राहुकाळ सकाळी साडेदहा ते बारा. कोर्ट भरतं नेमकं तेव्हाच. ह्यांनीही ते पाहिलं.

शुक्र. १४
गेलं. सगळं गेलं.
हे वेळेवर पोचले होते. पण राहुकाळात शुभ कामाला पाऊल टाकायचं नाही, म्हणून कोर्टासमोर करंजाखाली बसून राहिले. फोन घरीच. आत शिपायाने तीनदा नाव पुकारलं. वकिलांनी मुदत मागितली, मिळाली नाही. आधी दोनदा घेतलेली. बारानंतर हे आत गेले तर अर्जदार गैरहजर, दावा फेटाळला.
खूप बोलले मी. तीन हाका, आणि चार वर्षं पुसली गेली. केवढी त्या हाकेची ताकद.

रवि. १६
तिरुनागेश्वरमला गेलो, राहूच्या देवळात. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. ऐन राहुकाळात अभिषेक. पांढरंशुभ्र दूध मूर्तीवरून उतरताना निळं होतं. लहानपणापासून पाहते आहे, तरी आजही पाहतच राहिले. हात आपोआप जोडले गेले, भांडण राहिलंच. हे बराच वेळ तिथून हलेनात.

मंगळ. १८
वकिलांकडे. तेही इकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठीच, म्हणून बोलणं आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत. दावा परत उघडता येतो म्हणाले, पण सबळ कारण हवं. ताप होता असं डॉक्टरांकडून लिहून आणा. मला हायसं वाटलं. तर हे म्हणतात,
"देवास भिऊन बाहेर बसलों. आतां लटिकें सांगून आंत जाऊं काय? तें होणार नाहीं हो."
वकिलांनी कपाळाला हात लावला. मीही. घरी आल्यावर विचारलं, काम हवंय की नको? हवंय म्हणाले.

शुक्र. १२ जुलै
दावा परत उघडण्याच्या अर्जाची तारीख. पुन्हा शुक्रवार, पुन्हा राहुकाळ. हे सरळ आत गेले. मागून मी.
न्यायाधीश बाई, वयाने लहान. त्या दिवशी का आला नाहीत, तमिळमध्ये विचारलं. ह्यांनी होतं तसं सांगितलं. मागे कोणीतरी हसलं. दुकानाचे वकील उठून म्हणाले, कायद्यात हे कारण बसत नाही. बाई हसल्या नाहीत. मग आज राहुकाळात कसे आलात, म्हणाल्या.
"भीती आजही आहे, अम्मा. भीत भीतच आलो."
ह्यांची मान ताठ. भाजी आणायला विसरतो म्हणून ह्याच माणसाला मी रोज बोलते.
बाई खूप वेळ लिहीत राहिल्या. निकाल राखून ठेवला.
तापाचं सांगितलं असतं तर आजच दावा उघडला असता, असं वकील बाहेर म्हणाले. असेलही. घरी येऊन विठोबापुढे काम मागायला उभी राहिले. मागणं काही तोंडातून निघेना. नुसती उभी होते, हे आत पाय धूत होते त्याचा आवाज ऐकत.