मधला स्टंप

मंगळवार, संध्याकाळ

ग्रामपंचायतीने मैदानावरचा बाक दुरुस्तीला नेला आणि विसरली. मी घरून खुर्ची नेली, तर तिचा एक पाय आखूड. डुगडुगत्या आसनावरून टीकेला वजन येत नाही.

कारखान्यांचा पट्टा पडला, गाळप संपलं, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या, आठवड्यावर उमापूरची टुर्नामेंट. बॅटिंग ठीक. बॉलिंग म्हणजे पाहुणचार; नवा बॉलर चेंडू टाकत नाही, वाढतो. वेगवान एकच होता, ज्ञानोबा. तो या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला.

तरी कीपर सलीम आज पार बाभळीपाशी उभा. चेंडू तिथवर घरंगळतही पोचत नव्हता.

"इतक्या लांब कावून बे?"

"ज्ञानूची सवय हाय, मामा. जवळ उभं राहवत न्हाई."

त्याचे तळहात लालबुंद होते. एकही चेंडू त्याच्या हाती लागला नव्हता. मी सगळा वेळ पाहत होतो.

ज्ञानोबा प्रत्येक विकेटला ओरडायचा, "मामा, एकदा तरी उठून टाळी वाजवा की." मी म्हणायचो, "मधला स्टंप उडव, मग उठतो." ऑफ उडवला, लेग उडवला. मधला राहून गेला.

सराव संपला. पोरं पाणी प्यायला गेली. चेंडू माझ्या मांडीवर होता, वाऱ्याचं नाव नव्हतं. भास म्हणावा, तर आवाज मी नीट ऐकला. मधला स्टंप उखडून बाभळीच्या दिशेने पडला. बाजूचे दोन्ही जागेवर.

आसपास कुणी नव्हतं. मी उठलो आणि टाळी वाजवली.