बिबट्याचा धडा

सोमवार, १६ जून

चौथीच्या परिसर अभ्यासाचं वार्षिक नियोजन करताना प्राण्यांचा धडा मी मार्चवर ढकलला. वर्गातल्या सानियाच्या धाकट्या भावाला गेल्या हिवाळ्यात शाळेच्या वाटेवर, उसाच्या कडेला बिबट्यानं नेलं. तिच्यासमोर तो शब्द कसा काढायचा?

मधल्या सुट्टीत तीच माझ्याकडे आली. "बाई, बिबट्याचं कवा शिकवणार?"

"तुला ऐकवेल, बाळा?"

"ऐकवंल. धाकट्या बहिणीला घेऊन मला त्याच वाटंनं यावं लागतं. त्यो कवा बाहेर पडतो, काय केलं की जवळ येत न्हाई, समदं सांगा."

मार्चवर! मी नक्की कुणाला जपत होते, तिला की मला? मार्च खोडलाय. उद्या पहिल्याच तासाला बिबट्या. सानियाला दाराजवळ बसवीन. मधेच नकोसं झालं, तर तिला उठून जाता येईल.