होडीचा डावा डोळा

रत्नागिरी,
रविवार, २८ जुलै २०२४

तीर्थरूप आप्पांना मृणालीचा नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. देवरूखला मालनआतेकडे पाऊस कसा आहे? इथे आईचा गुडघा बरा आहे. नितेशदादाची जाळी दुरुस्त झाली. होडी ताडपत्रीखाली खरवडून तयार आहे, नारळी पुनवेला पाण्यात घालायची. रंग तेवढा राहिलाय.

आईला वाटत होतं, इंजिनावरून दादाशी वाजलं म्हणून तुम्ही गेलात. मी कालपर्यंत तिला तसंच वाटू दिलं.

आप्पा, कॉलेजातल्या माझ्या प्रदर्शनात दूरदर्शनच्या चिन्हाचा सगळा इतिहास होता. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर फिरत फिरत डोळ्यासारख्या जुळणाऱ्या दोन कमानींपासून, ते यंदा एप्रिलमध्ये बातम्यांच्या वाहिनीवर लालचं केशरी झालं तिथपर्यंत. शेवटच्या फलकावर आपली होडी. आजोबा तिच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, दोन बाजूंना साधे डोळे काढायचे. घरात टीव्ही आला त्या वर्षापासून तुम्ही त्या डोळ्यांच्या जागी ते चिन्ह काढू लागलात.

सरांनी फोटोवर बोट ठेवलं. डाव्या बाजूचं आरशातल्यासारखं उलटं आहे, अडाणी रंगाऱ्याचं काम, म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. फोटोखाली ‘स्थानिक नक्कल, सदोष’ असं मीच लिहिलं होतं. ‘माझे वडील’ एवढं लिहिलं नव्हतं. मागे वळले तर दारात तुम्ही, इस्त्रीचा सदरा घालून. मी पुन्हा फलकाकडे तोंड केलं.

खरं तर मला उत्तर माहीत होतं. लहानपणी मीच विचारलं होतं, डावं उलटं का. तुम्ही हात न थांबवता म्हणालात, “दोन्ही डोळे एकाच बाजूचे काढले तर होडी चकणी नाय दिसणार?”

कॉलेजच्या अंकात माझा लेख येणार आहे. मी ‘सदोष’ काढून तुमचं हे वाक्य घातलं, तुमच्या नावानिशी. सर म्हणाले, घरचं माणूस अभ्यासात कशाला. मी सांगितलं, छापायचं तर असंच, नाहीतर लेख परत द्या. अजून त्यांनी काही कळवलेलं नाही. कळवू देत त्यांना हवं तेव्हा.

काल आईला आणि दादालाही सगळं खरं सांगितलं. दादा म्हणाला, “शिकलीस ती हसायला काय गो?”

त्याला यंदा नुसता निळा रंग फासायचा होता. मी त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. जुन्या रेषा लाकडावर अजून पुसट दिसतात. उजवा डोळा त्यांवरून मी काढते आहे. चुकला तर पुसून पुन्हा काढेन. डाव्याला मात्र हात लावणार नाही, आणि तो झाल्याशिवाय होडी पाण्यात जाऊ देणार नाही. दादाने ते कबूल केलंय.

पुनवेला अजून बावीस दिवस आहेत.

त्या दिवशी ओळख न दिलेली, आणि आता नावासकट तुमची,
मृणाली रावजी भाटकर