धावणं ऑप्शनला

१६ डिसेंबर २००७, रविवार

हालकुडेला सोडणार नाही.

काल क्लासवाल्यांच्या संघटनेचं स्नेहसंमेलन होतं. मंडप भरून पोरं, पालक, स्टेजवर आम्ही सगळे सर लोक. गुरुबसप्पा हालकुडेचा औसा रोडला बायोलॉजीचा क्लास आहे. माझाही बायोलॉजीचाच, पण त्याच्या आधीचा. तर हा माणूस माइकवर आला आणि म्हणाला, शरीरात एटीपी कुठं साठतं हे ज्यांना बघायचं असंल त्यांनी हासेगावकर सरांकडं बघावं. आणि माझ्या पोटावर हात ठेवला. सगळा मंडप हसला. माझी स्वतःची बॅच सगळ्यात जोरात.

एटीपी, पेशीचं हे इंधन, साठतच नाही! तयार होतं आणि लगेच खर्च होतं. साठते ती चरबी. एवढं ज्याला कळत नाही तो बारावीच्या पोरांना मेटाबोलिझम शिकवतो. रात्री लताला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग त्यांनी चरबी म्हणायला हवं होतं का?

बायकोला विषय कळत नाही.

मात्र मी गप्प बसलो नाही. उठून माइक घेतला आणि जाहीर केलं की २६ जानेवारीच्या पाच किलोमीटर दौडीत हालकुडे सरांना मागे टाकून दाखवीन. टाळ्या पडल्या. हालकुडे म्हणाला, हाव की सर, याच तुम्ही! आणि हात मिळवला. आतून हादरला होता. माझी नजर आहे.

१७ डिसेंबर

घरातच फितुरी. मनू, म्हणजे आमची मनस्विनी, यंदा दहावीला. जेवताना शांतपणे म्हणाली, बाबा, अकरावीला मी हालकुडे सरांकडे जाणार. त्यांचे ॲडव्हान्स प्रवेश सत्तावीस जानेवारीला सुरू होतात.

बायोलॉजीच्या सरांची पोरगी दुसऱ्याच्या बायोलॉजीच्या बाकावर! उद्या कोण पालक माझ्याकडे मूल पाठवेल? आणि ते जाऊ द्या. माझी मनू.

कारण विचारलं. म्हणाली, ते डाउट सोडवतात. तुम्हाला काहीही विचारलं की तुम्ही म्हणता, ते आयएमपी नाही, ऑप्शनला टाक.

अहो, तीच तर माझी पद्धत आहे! सगळं वाचून कोण पास झालंय? कशाला किती वेटेज ते बघायचं, जड धडा सोडायचा, सोप्यावर मार्क काढायचे. याच पद्धतीवर मी किती डॉक्टर केलेत.

शेवटी करार झाला. दौडीत मी हालकुडेच्या पुढे आलो तर मनू माझ्या क्लासला बसणार. मागे पडलो तर औसा रोड. तिने इतक्या पटकन हो म्हटलं की मला जरा लागलं.

१९ डिसेंबर

प्लॅन तयार. विषयाचं वेटेज काढलं: आहार सत्तर, धावणं तीस. आहारावर पकड पक्की असेल तर सत्तरपैकी पासष्ट कुठे गेले नाहीत. म्हणजे धावण्याच्या सरावाला हात न लावताही फर्स्ट क्लास. हालकुडे रोज सकाळी क्रीडा संकुलाच्या मैदानावर गोल गोल पळतो म्हणे. गाढवमेहनत. त्याला श्वसनाचा धडा येत नाही म्हणून पायांनी पळावं लागतं.

धावणं ऑप्शनला टाकलं.

शिवाय वेग माझ्या अंगातच आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात पहाटे जमीन हलली तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. अख्ख्या बिल्डिंगमध्ये खाली पोहोचलेला पहिला माणूस मी. बाकीचे लोक अजून दिवा शोधत होते. हा किस्सा आज पुन्हा सांगितला. लता उठून आत गेली. तिने फार वेळा ऐकलाय.

२३ डिसेंबर

मेहुणा यज्ञेश नांदेडला असतो, जिमला जातो. त्याने एसटीच्या पार्सलने प्रोटीन पावडरचा डबा पाठवला. डब्यावरचा माणूस हालकुडेला एका हाताने उचलेल असा आहे. चमच्याचं प्रमाण लिहिलंय, पण ते सामान्य माणसाला. मी दुप्पट घेतलं.

दुपारच्या बॅचला पहिला बाक रिकामा. पोरं दुसऱ्या बाकावर गेली, मग तिसऱ्या. खिडक्या उघडल्या. एकाने रुमाल लावला. नायट्रोजन बॅलन्स पॉझिटिव्ह झाल्याची ही खूण आहे. त्यांना सांगितलं, पण कुणी लिहून घेतलं नाही.

३० डिसेंबर

हायड्रेशन सुरू. दिवसाला पाच लिटर. लातुरात नळ कधी येतो ते नळालाच माहीत. आज लताने घागर पालथी करून दाखवली आणि विचारलं, तुमच्या हायड्रेशनमध्ये आम्ही भांडी कशात घासायची? आमच्याकडे कामाला येणारी धुरपताबाई म्हणाली, सर काय पळायलाव म्हणं, मला तर तुमी मोरीकडंच पळताना दिसायलाव.

तिलाही बघून घेईन. आधी हालकुडे.

३ जानेवारी २००८

नुसतं स्वतःला वर नेणं पुरेसं नाही. शत्रूला खालीही ओढलं पाहिजे. हालकुडेला गोड आवडतं, हे त्याच्याच शिपायाकडून कळलं. साखर वाढली की इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन वाढलं की चरबी जाळणं बंद. धड्यातच आहे. त्याच्या क्लासवर बालुशाहीचे पाच बॉक्स पाठवले. चिठ्ठीत लिहिलं, एक कृतज्ञ पालक. डाव्या हाताने लिहिलं.

असा सूड सायन्सवाल्यालाच सुचतो.

५ जानेवारी

हालकुडेने बालुशाही अख्ख्या बॅचला वाटली. स्वतः तोंडही लावलं नाही. गावभर झालं की हालकुडे सर पोरांना मिठाई देतात. माझ्या बॅचमधल्या दोन पोरी तिकडे गेल्या. मनूने एक बालुशाही घरी आणली होती. म्हणाली, मैत्रिणीने दिली, खाऊन बघा बाबा, छान आहे.

छान होतीच. मी निवडून घेतली होती.

८ जानेवारी, वेळ अमावस्या

आज लातुरात रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळे शेतात. हालकुडेने फोन करून सहकुटुंब चाकूरजवळच्या त्याच्या शेतावर बोलावलं. लता म्हणाली, बघा, किती मोठं मन. मी हेरगिरीसाठी गेलो.

कडब्याच्या कोपीत पूजा झाली, मग पंगत. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, माठातलं गार आंबील. हालकुडेने उंडा एकच घेतला, खिरीला नकोच म्हणाला. कमकुवत माणूस. एवढ्याशा ग्लायकोजेनवर हा कसला पळणार? मी त्याला दाखवण्यासाठी उंडे मोजणं सोडून दिलं. आंबिलाचे तांबे वेगळे. आंबलेल्या पदार्थाने लॅक्टिक ॲसिडची सवय होते, मग पळताना पाय भरत नाहीत. हे मी स्वतः शोधून काढलंय. पुस्तकात नाही.

जेवणानंतर एक वासरू दावं तोडून सुटलं. हालकुडे धोतर खोचून त्याच्या मागे पार नाल्यापर्यंत गेला आणि कानाला धरून घेऊन आला. आल्या आल्या बोलायलाही लागला, धाप नाही. नोंद करतो: शक्तीचा अपव्यय.

मग गप्पा भूकंपावर गेल्या. हालकुडे म्हणाला, त्या सकाळी मी ट्रॅक्टर काढला अन् किल्लारीकडं गेलो, चार दिवस तिकडंच होतो. एवढंच सांगून तो पुन्हा आंबील वाढायला लागला. मी माझा तिसऱ्या मजल्याचा किस्सा सांगितला. का कोण जाणे, पंगतीत कुणी हसलं नाही. मनू माझ्याकडे बघत होती. पोरीला अभिमान वाटला असणार.

९ जानेवारी

क्लासला सुट्टी. कारण लिहीत नाही. मेटाबोलिझम जोरात आहे.

१५ जानेवारी, संक्रांत

तीळ म्हणजे कॅल्शियम, गूळ म्हणजे लोह. आलेल्या प्रत्येकाचा तिळगूळ घेतला. हालकुडेही आला होता. गोड बोला म्हणाला. मी गोड बोललो. दात आवळून बोललो, पण त्यात वडीचाही दोष होता.

वजनकाट्यावर उभा राहिलो. वजन वाढलंय. स्नायू चरबीपेक्षा जड असतात.

२० जानेवारी

ऑप्शनला टाकलेला धडाही एकदा नजरेखालून घालावा म्हणून पहाटे संकुलावर गेलो. नवे बूट घातले. मैदान अपेक्षेपेक्षा लांब आहे. निम्म्यात बुटाची लेस सुटली. ती बांधायला वाकलो तर वाकता येईना, म्हणून बाकावर बसलो. हालकुडे पळत आला, थांबला आणि म्हणाला, सर, चला, हळूहळू दोघं जाऊ. मी त्याला ओळखून आहे. माझा वेग किती ते काढून घ्यायचं होतं त्याला. मी म्हटलं, आज माझा रिकव्हरीचा दिवस आहे.

कसली रिकव्हरी, असं त्याने विचारलं नाही. विचारायला हवं होतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं.

२५ जानेवारी

कार्बोहायड्रेट लोडिंगचा शेवटचा दिवस. तीन दिवस भात, बटाटा, साबुदाणा. आज पुरणपोळी, वर गुळाचं पाणी. यकृत फुल्ल, मांड्या फुल्ल, शर्टाची दोन बटणं गेली. मनू अभ्यास सोडून माझ्या ताटाकडे बघत होती. म्हणाली, बाबा, नसेल जमत तर राहू द्या, मी हसणार नाही. बिचारी. बाप जिंकणार याची तिला भीती वाटते.

उद्या हालकुडेचं तोंड बघायचंय. स्टेजवर जाऊन मी त्याच्या पोटावर हात ठेवीन आणि म्हणेन, सर, इथे काहीच साठलेलं नाही, म्हणून हरलात. वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. फार परिणामकारक होतं.

२६ जानेवारी, पहाटे

बिटाचा रस, दोन मोठे ग्लास. बीट म्हणजे लोह, लोह म्हणजे हिमोग्लोबिन, हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन. धुरपताबाई म्हणाली, सर, एवढं लाल पिऊन पळू नका. निरक्षर बाई.

निघतो. आज हिशेब पूर्ण.

२६ जानेवारी, संध्याकाळ, दवाखाना

सत्य काय ते लिहून ठेवतो, कारण गावात भलतंच पसरणार आहे.

झेंडावंदन झालं, शिट्टी वाजली, आणि मी सगळ्यांच्या पुढे होतो. सगळ्यांच्या! हालकुडे मागे. मनू स्वयंसेवकांच्या टोप्या घातलेल्या पोरांत पाणी वाटायला उभी होती. तिने मला पहिल्या नंबरावर बघितलं, हे कुणी पुसू शकणार नाही. पहिल्या चौकाच्या अलीकडे पोटात काहीतरी फिरलं. यकृतातला साठा बाहेर यायला निघाला असावा. तेवढ्यात हालकुडे बाजूने पुढे गेला. गालात हसला की काय, नीट दिसलं नाही, डोळ्यांपुढे ठिपके होते.

मग मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि ओकलो. लालभडक. भर चौकात.

बायका किंचाळल्या. रक्त, रक्त! सर गेले! असं कुणीतरी ओरडलं. मी हात वर करून बीट, बीट म्हणत होतो, पण तोंडात अजून शिल्लक होतं. हालकुडे बराच पुढे गेला होता. त्याच्या वयाच्या गटात पहिलाच होता म्हणे. आरडाओरडा ऐकून तो उलटा फिरला. पळत मागे आला, मला पाठीवर घेतलं, हे एवढं धूड, आणि रिक्षा मिळेपर्यंत तसाच पळत राहिला. त्याची पांढरी बनियन पूर्ण लाल. फोटोवाल्याने नेमका तेव्हाच फोटो काढला.

डॉक्टरांनी तपासून विचारलं, सकाळी काय खाल्लंत? मी सांगायला लागलो. त्यांनी लिहिणं मध्येच थांबवलं.

हालकुडे तासभर स्टुलावर बसून होता. संमेलनातल्या त्या वाक्याचा विषय मीच काढला. म्हटलं, तुम्ही माझा अपमान केला होता. तो विचारात पडला. म्हणाला, म्या असं म्हणलो व्हतो? ध्यानातच न्हाई सर. लई वाईट झालं, चुकलं माझं. मला शुगर निघाली तवापासून डॉक्टरनं पळायला लावलंय, गोड बंद केलंय. एकटा पळून कटाळलो व्हतो. तुमी येतो म्हणलाव, मला वाटलं, सोबत झाली.

दीड महिना मी ज्या वाक्यावर जगलो ते त्याच्या लक्षातसुद्धा नाही. याला काय म्हणावं? माणसात काही जबाबदारीची जाणीव?

तो गेल्यावर लताने त्याचं स्टूल ओढून घेतलं. मनू शेजारीच उभी होती. मग लता म्हणाली, त्र्याण्णवला तुम्ही तीन मजले उतरलात तेव्हा एकदाही मागे वळला नाहीत. हालकुडे वळले.

लताला संदर्भ सोडून बोलायची सवय आहे.

२७ जानेवारी, रविवार

पेपरात पहिल्या पानावर फोटो. प्रतिस्पर्ध्याचे प्राण वाचवणारे गुरुजी. माझा चेहरा दिसत नाही, फक्त बूट दिसतात. हालकुडेकडे प्रवेशाला पहाटेपासून रांग आहे, असं धुरपताबाई सांगत आली. फार खुशीत होती.

मात्र मी रात्रभर नियमांचा विचार केलाय. हालकुडेने दौड पूर्ण केली नाही. मीही नाही. म्हणजे दोघेही गैरहजर. म्हणजे मी मागे पडलो असं सिद्ध होत नाही, उलट सुरुवातीला मी पुढे होतो याला साक्षीदार आहेत. करार रद्द. मनूला समोर बसवून हे सगळं मुद्देसूद समजावलं.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, एक डाउट आहे.

मी खूश झालो. म्हटलं, विचार की.

ती म्हणाली, त्या भूकंपात तुम्ही सगळ्यांच्या आधी खाली पोहोचलात, तेव्हा मी कुठे होते?

ती वर्षाची होती. पाळण्यात. तिला लताने आणलं होतं.

तोंडातून सवयीने निघून गेलं, ते आयएमपी नाही, ऑप्शनला टाक.

मनू हसली नाही. उठली, चपला घातल्या आणि जिना उतरून औसा रोडच्या दिशेने चालायला लागली. पळत नव्हती, चालतच होती. मी खिडकीत उभा होतो. मागे जावं असं वाटलं. दारापर्यंत गेलो आणि दम लागला.