कोपऱ्यावरचा हौद

३ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. आपल्या जुन्या वस्तीतल्या नामांकित बागांच्या यादीत आपली कोपऱ्यावरची बाग आली! समोरच्या डॉक्टरीणबाईंचं तोंड अगदी बघण्यासारखं झालंय. अट एकच, बाग यादी करणाऱ्या समितीकडच्या जुन्या फोटोबरहुकूम हवी. फोटोत कोपऱ्यात गोल हौद दिसतो. बाबांनी तो का बुजवला गं? मी माती उपसून मोकळा केला. पाणी सोडलंच नाही, तरी रोज सकाळी काठोकाठ भरलेला असतो. झरा लागला असेल.

माझी नात, छकुली, हौद सोडत नाही. मी डोळ्यांत तेल घालून शेजारी बसते. ती म्हणते, आत एक मुलगी लपलीये, बाहेरच येत नाही. चार वर्षांची पोर, काय काय सुचतं बाई तिला!

लोभ आहेच, पत्राचा आळस मात्र सोड.
तुझी चिमी

९ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र हातात पडताच हौद बुजव. यादी गेली चुलीत.

आपण दोघी नव्हतो, तिघी होतो. मी सात वर्षांची, मधली चार, तू सहा महिन्यांची. मधली त्या हौदात गेली. तिला सांभाळायचं काम माझं होतं. बाबांनी त्याच आठवड्यात हौद बुजवला, आणि तिचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही असं ठरलं. मी माहेरी येत नाही म्हणून तू मला आढ्यताखोर म्हणतेस, पण त्या घरात माझं पाऊलच पडत नाही.

छकुलीला कोपऱ्यावर फिरकू देऊ नकोस. जास्त विचारू नकोस.
तुझी आक्का

१४ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

सख्खी बहीण, आणि मला आज कळतंय! भयंकर राग आलाय तुझा. पण भांडण नंतर.

माळ्याने आठ गाड्या माती टाकली, मी स्वतः तुडवली. सकाळी हौद होता तसा, काठोकाठ. माती कुठेच नाही. माळी फावडं टाकून पळाला.

छकुली म्हणते, आक्काने हाक मारल्याशिवाय त्या मुलीला बाहेर यायचं नाही. एकटीला कंटाळा येतो, म्हणून ती हिला लपायला बोलावतेय. आक्का म्हणजे कोण, हे छकुलीला ठाऊकसुद्धा नाही. तुला ती मोठी आजी म्हणते.

आज दुपारी दाराला कडी होती, तरी पोर हौदाच्या काठावर सापडली, पाय पाण्यात. उचलून घरात आणलं. तिची आई न्यायला येणार ती शनिवारी. तोवर मी काय करू गं?
तुझी चिमी

१६ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

हे मी आईलाही सांगितलं नाही. आम्ही लपंडाव खेळत होतो. राज्य माझ्यावर होतं. मी तिला बजावलं होतं, मी हाक मारेपर्यंत बाहेर यायचं नाही. शंभर आकडे मोजले, तेवढ्यात मैत्रिणी आल्या आणि मी त्यांच्याबरोबर निघून गेले. ब्याद टळली असं वाटलं होतं मला. हाक मारलीच नाही.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतेय. तोवर छकुलीला कडेवरून खाली ठेवू नकोस, आणि हौदात मातीचा कणही टाकू नकोस. आल्यावर चहापाणी विचारू नकोस, सरळ कोपऱ्यावर ने. तिचं नाव मला अजून कागदावर लिहवत नाही. तिथे मात्र मोठ्याने घेईन, ती बाहेर येईपर्यंत.

हे वाचूनही माया उरली, तर ठेव.
तुझी आक्का